सभागृह श्रेष्ठ की न्यायासन?

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करा, असे फर्मान एखादी विधानसभा काढू शकते काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. २१ मार्च १९६४ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेने असा ठराव खरोखरच केला होता.

निमित्त तसे किरकोळ होते. गोरखपूरच्या केशव सिंह यांनी एका आमदारावर आरोप करणारे पत्रक काढले. सभागृहाने तो हक्कभंग मानून त्यांना समज दिली, आणि त्यांचे वर्तन उद्धटपणाचे वाटल्यावरून सात दिवसांसाठी तुरुंगात धाडले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने त्यांचा अर्ज दाखल करून घेऊन जामीन दिला. एवढ्यावरून दोन न्यायमूर्ती व अर्जदाराचे वकील सभागृहाच्या अवमानाचे अपराधी ठरले! अखेर २८ न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने ठरावाची अंमलबजावणी रोखली आणि राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला.

सरन्यायाधीश होते मूळ साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांच्या सात जणांच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायमूर्तींच्या बाजूने कौल दिला. ब्रिटनमध्ये पार्लमेंट सार्वभौम आहे. आपल्याकडे राज्यघटना श्रेष्ठ आहे. न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची विधिमंडळात चर्चाही करण्यास २११वे कलम मनाई करते. जेथे चर्चेला मज्जाव, तेथे शिक्षेचा अधिकार कोठून येणार?

या कथेचा शेवट मात्र फारसा कोणी सांगत नाही. मार्च १९६५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने केशव सिंह यांचा अर्ज फेटाळला आणि उरलेली शिक्षा त्यांना भोगावी लागली. म्हणजे न्यायालयाने त्यांची बाजू घेतली नव्हती. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचा आपला अधिकार तेवढा राखला होता. न्यायालयाचे स्वातंत्र्य म्हणजे न्यायमूर्तींचा मानमरातब नव्हे, तर सामान्य नागरिकासाठी उघडे राहिलेले दार होय.

ते दार आजही निर्धोक नाही. २०२० साली महाराष्ट्र विधानसभेच्या सचिवालयातील एका अधिकाऱ्याने हक्कभंगाच्या प्रकरणात एका पत्रकाराला पत्र धाडले आणि सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल अवमानाची नोटीस काढावी लागली. विशेषाधिकार कायद्याने निश्चित करण्याची मुभा १९४व्या कलमाने विधिमंडळांना दिली आहे; सात दशके उलटली तरी तसा सर्वंकष कायदा झालेला नाही. अधिकार मोघम ठेवण्यात सत्तेची सोय असते, हे खरे. परंतु इतरांसाठी कायदे करणाऱ्यांनी स्वतःच्या अधिकारांना कायद्याची चौकट घालून घेऊ नये, हे लोकशाहीला शोभणारे नाही.