आटलेली अरवरी पुन्हा वाहू लागली

राजस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू आणि उंट येतात. पण याच राजस्थानात, अलवर जिल्ह्यातील थानागाझी भागात, अरवलीच्या डोंगररांगा आहेत. तेथील भांवता-कोल्याला गावांजवळच्या डोंगरांत अरवरी ही छोटीशी नदी उगम पावते आणि जेमतेम ४५ किलोमीटर वाहून सैंथल सागर धरणाला मिळते. तिच्या खोऱ्यात सुमारे सत्तर गावे आहेत. गुज्जर, मीणा आणि इतर समाजांची ही वस्ती गुरे आणि शेती यांवर जगते.

या भागात वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. हे पाणी अडवण्यासाठी पूर्वी प्रत्येक गाव 'जोहड' बांधत असे. जोहड म्हणजे उताराच्या आडवा घातलेला मातीचा अर्धचंद्राकृती बांध. त्यात साठलेले पाणी गुरांना मिळते आणि जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझर फुटतात. पुढे डोंगरांवरील झाडी तुटली, जोहड गाळाने भरले आणि त्यांची निगा राखणारे कोणी उरले नाही. विहिरी आटल्या, नदी केवळ पावसाळ्यापुरती उरली. तरणे पुरुष मजुरीसाठी शहरांकडे गेले आणि हंडे घेऊन मैलोगणती चालणे बायकांच्या नशिबी आले.

१९८५ मध्ये 'तरुण भारत संघा'चे राजेंद्र सिंह आपल्या चार साथीदारांसह या परिसरात आले. त्यांच्या मनात होते औषधोपचार आणि शिक्षण. गावातील वृद्धांनी मात्र त्यांना सांगितले, की आधी पाण्याचे बघा. गोपालपुरा गावात जुन्या जोहडातील गाळ काढण्यापासून काम सुरू झाले. पावसाळ्यानंतर विहिरींना पाणी आलेले पाहून शेजारची गावेही पुढे सरसावली. खर्चाचा काही वाटा आणि श्रम गावकऱ्यांनीच दिले. अरवरीच्या खोऱ्यात असे सुमारे ३७५ बांध झाले. नव्वदीच्या दशकात नदी पावसाळ्यानंतरही वाहू लागली आणि १९९५ च्या सुमारास ती बारमाही झाली.

नदीत पाणी आले, तसे मासेही आले. मग सरकारी खात्याने मासेमारीचा ठेका दिला! हमीरपूरच्या लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्या नदीसाठी आम्ही घाम गाळला, तिच्याबद्दलचा निर्णय आम्हाला न विचारता कसा होतो, असा त्यांचा प्रश्न होता. अखेर ठेका रद्द झाला.

या झगड्यातूनच १९९९ मध्ये 'अरवरी संसद' जन्माला आली. खोऱ्यातील गावांचे प्रतिनिधी तिचे सदस्य झाले. ऊस, भात यांसारखी जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, होळीनंतर पाऊस येईपर्यंत नदीतून थेट उपसा करायचा नाही, झाडे तोडायची नाहीत, असे नियम तिने घालून दिले. या संसदेला कायद्याचे पाठबळ नव्हते. नियम मोडणाऱ्याला रोखायला होता तो केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांचा शब्द.

२००१ मध्ये राजेंद्र सिंह यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि अरवरीचे नाव दूरवर पोहोचले. तरीही ही नदी शेवटी पावसावरच अवलंबून आहे. पाऊस दगा देतो, तेव्हा जोहडही कोरडे पडतात. अशा वर्षी उरलेले पाणी कोणी किती वापरायचे, हे गावांनी एकत्र बसून ठरवावे लागते. बांध घालण्याइतकेच हे कामही कठीण आहे आणि ते दरवर्षी नव्याने करावे लागते.