किमयेतील व्याळ : एका संज्ञेचा अन्वयार्थ

युरोपीय किमयेच्या ग्रंथांत ड्रॅगन, म्हणजे पंख असलेला व अग्नी ओकणारा व्याळ, वारंवार भेटतो. कोठे तो स्वतःचेच शेपूट गिळतो, कोठे दुसऱ्या व्याळाशी झुंजतो, तर कोठे गुहेत दडून बसतो. ही चित्रे पाहून किमया म्हणजे केवळ अद्भुत कल्पनांची परंपरा होय, असा आधुनिक वाचकाचा ग्रह होणे स्वाभाविक आहे. कार्ल युंग यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मानसशास्त्र आणि किमया’ या ग्रंथात अशा प्रतिमांचे मूळ मानवी नेणिवेत शोधले. त्यामुळे प्रतिमांना प्रतिष्ठा लाभली. परंतु त्यांच्यामागे एखादा पदार्थ वा एखादी कृती असेल काय, हा प्रश्न मागे पडला. अलीकडच्या काही दशकांत रसायनशास्त्राच्या इतिहासकारांनी तो पुन्हा उपस्थित केला आणि त्याचे उत्तर ग्रंथालयाप्रमाणेच प्रयोगशाळेतही शोधले.

या दृष्टीने ‘बॅसिल व्हॅलेंटाइन’ या नावावर असलेला ‘बारा किल्ल्या’ हा ग्रंथ उद्बोधक आहे. हा लेखक पंधराव्या शतकातील संन्यासी होता, असे सांगितले जाई. परंतु तशी व्यक्ती होऊन गेल्याचा पुरावा नाही. ग्रंथ प्रथम १५९९ साली छापला गेला. सोने विरघळविणारे द्रव कसे करावे, हे सांगताना ग्रंथकार गरुड आणि खडकांत राहणारा, गुहांतून आतबाहेर सरपटणारा थंड व्याळ यांना एकत्र आणतो. अमेरिकन रसायनज्ञ व इतिहासकार लॉरेन्स प्रिंसिपे यांनी ‘किमयेची रहस्ये’ (२०१३) या ग्रंथात गरुड म्हणजे नवसागर आणि व्याळ म्हणजे सोरा, असा अर्थ लावला. नवसागर तापविला असता तो न वितळता वाफेच्या रूपाने वर उडतो. म्हणून तो गरुड. सोरा गुहांच्या व भिंतींच्या पृष्ठभागावर फुलून येतो, पाण्यात विरघळताना पाणी थंड करतो आणि निखाऱ्यावर पडताच भडका उडवितो. म्हणून तो थंड असूनही व्याळ. या दोहोंच्या ऊर्ध्वपातनाने अम्लराजासारखे द्रव मिळते, आणि सोने विरघळविण्याचे सामर्थ्य अम्लराजात आहे. प्रिंसिपे यांनी पुढील कृतीही करून पाहिली. सोन्याचा द्राव वारंवार ऊर्ध्वपातित केल्यावर सोन्याचे लवण अखेरीस तांबड्या स्फटिकांच्या रूपाने वर चढले. सोन्यासारखा स्थिर धातू ‘उडविणे’ ही ग्रंथातील वरकरणी अशक्य गोष्ट अशा रीतीने प्रत्यक्षात उतरली.

यावरून व्याळ म्हणजे सोराच, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. निकोला फ्लामेल याच्या नावाने १६१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दोन व्याळ आहेत. त्यांपैकी पंख नसलेला व्याळ हे स्थिर तत्त्वाचे, म्हणजे गंधकाचे, आणि पंख असलेला हे उडून जाणाऱ्या तत्त्वाचे, म्हणजे पाऱ्याचे प्रतीक होय. औषधनिर्मितीत कॅलोमेल या पाऱ्याच्या लवणास ‘ड्रॅको मिटिगेटस’, अर्थात ‘शांतविलेला व्याळ’, असे नाव होते. पाऱ्याचे दुसरे क्लोराइड अत्यंत दाहक विष आहे. ते आणखी पाऱ्यासह खलून तापविले की पुष्कळच सौम्य असे कॅलोमेल तयार होते. या एका नावात पूर्वस्थिती, कृती आणि फलित या तिन्ही गोष्टी सामावल्या आहेत.

अशा नावांत धोकाही होता. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हिंगुळाविषयी एक आख्यायिका नोंदविली आहे : भारतात हत्ती व व्याळ यांची झुंज होते, मरता हत्ती व्याळावर कोसळतो आणि दोघांच्या मिसळलेल्या रक्तापासून खरा हिंगूळ होतो. ‘व्याळरक्त’ हे नाव सोकोत्रा बेटावरील ड्रॅसीना वृक्षाच्या तांबड्या राळेलाही होते. राळ निरुपद्रवी, तर हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज. वैद्य औषध म्हणून विषारी हिंगूळ वापरतात, अशी तक्रार खुद्द प्लिनीनेच केली आहे. संज्ञेतील संदिग्धता येथे रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडते.

ग्विताँ द मॉर्व्हो, लव्हॉयझ्ये, बर्थोले आणि फुर्क्र्वा यांनी १७८७ साली मांडलेल्या रासायनिक नामपद्धतीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. पदार्थाचे नाव त्याच्या घटकांवरून ठरू लागले आणि व्याळाला रसायनशास्त्रातून निरोप मिळाला. इतर शास्त्रांत तो टिकला. चंद्र एका पातबिंदूपासून निघून पुन्हा त्याच बिंदूशी येण्यास सुमारे २७.२१ दिवस लागतात. या कालावधीस आजही ‘ड्रॅकोनिक मास’ म्हणतात, कारण भारतीय ज्योतिषातील राहू व केतू यांना युरोपात व्याळाचे मुख व पुच्छ म्हणत. लिनीअसने १७५८ साली उडत्या सरड्यांच्या प्रजातीस ‘ड्रॅको’ हेच नाव दिले. तिची एक जाती सह्याद्रीच्या दक्षिण भागातील वनांत आढळते. परंतु ही नावे केवळ ओळख पटवितात. कृती सांगत नाहीत. किमयेतील व्याळ कृती सांगत होता.

म्हणून प्राचीन ग्रंथात असे नाव आले असता तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरते : हा पदार्थ कोठे सापडतो, अग्नीत कसा वागतो आणि दुसऱ्या पदार्थाशी संयोग पावून काय निर्माण करतो? तिन्ही उत्तरे एकाच पदार्थाकडे बोट दाखवीत असतील, तर त्या अन्वयार्थास आधार मिळतो. तसे नसेल तर तो तर्कच राहतो. भारतीय रसशास्त्राच्या अभ्यासकासही ही कसोटी उपयोगी पडेल. त्या शास्त्रात ‘नाग’ म्हणजे शिसे. हे ठाऊक नसलेला वाचक नागाच्या मारणाचा विधी वाचून सर्पहत्येची कल्पना करील, आणि मुशीत शिशाचे भस्म होत आहे हे त्याच्या ध्यानीही येणार नाही.