दहा क्विंटल धान आणि एक लॅपटॉप

गोंदिया जिल्ह्याचे अर्थचक्र धानाभोवती फिरते. हलके धान दिवाळीच्या सुमारास निघते, भारी धान त्यानंतर काही आठवड्यांनी घरात येते. मार्केटिंग फेडरेशनच्या अथवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर त्याचे माप झाले, की शेतकऱ्याच्या हाती वर्षातील मोठी रक्कम पडते. कर्जफेड, लग्नकार्य, घराची डागडुजी हे या रकमेचे जुने वाटेकरी होत. अलीकडे त्यांत मुलांच्या लॅपटॉपची भर पडली आहे. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. या हिशेबाने पंचवीस हजार रुपयांचा लॅपटॉप म्हणजे सुमारे साडेदहा क्विंटल धान होय. एवढे धान देऊन घेतलेले यंत्र दोन वर्षांत अडगळीत पडले, तर ते नुकसान कुटुंबाला लवकर भरून काढता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की लॅपटॉप खरोखर हवा आहे काय? प्राथमिक शाळेतील मुलाला तो नको, असे म्हणावयास हरकत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकीय स्वरूपात विनामूल्य मिळतात. ती वाचण्यास आणि धड्यांच्या चित्रफिती पाहण्यास घरातील मोबाइल पुरतो. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले असले, तरी केवळ अर्ज भरण्यासाठी यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. ते काम सेवा केंद्रातही होते. मात्र आठवी-नववीनंतर चित्र पालटते. प्रकल्प लिहिणे, कोष्टके तयार करणे, संगणकाची आज्ञावली शिकणे ही कामे मोबाइलच्या लहानशा पडद्यावर नीट होत नाहीत. शिवाय एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या प्रवेश परीक्षा संगणकावर घेतल्या जातात. परीक्षेच्या दालनातच माउस प्रथम हाती धरणाऱ्या सालेकसा वा देवरी तालुक्यातील मुलाची आणि लहानपणापासून घरी संगणक असलेल्या शहरी मुलाची स्पर्धा बरोबरीची राहत नाही.

स्वस्ताचा अनुभव

विद्यार्थ्यांना स्वस्त यंत्र देण्याचे प्रयत्न यापूर्वीही झाले आहेत. रायगड जिल्ह्यातील खैराट या लहान वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाची यंत्रे देण्यात आली. ती मजबूत होती, वीज कमी घेत आणि त्यांचा पडदा उन्हातही वाचता येई. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून ते यंत्र जगभर गाजले, परंतु त्याची प्रत्यक्ष किंमत दुपटीच्या जवळ गेली. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत ‘आकाश’ या टॅब्लेटचे अनावरण झाले. त्याची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. परंतु त्याची रॅम अवघी २५६ मेगाबाइट होती, पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि बॅटरी लवकर संपे. त्यामुळे संथपणाच्या तक्रारी आल्या आणि पुढील आवृत्तीत सुधारणा कराव्या लागल्या. यंत्र स्वस्त करताना नेमके काय कमी केले, हे खरेदीदाराने विचारले पाहिजे, हा या अनुभवाचा अर्थ होय.

आजच्या बाजारातही हाच प्रश्न उभा राहतो. सर्वांत स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असते. विंडोज ११ या प्रणालीची किमान गरज म्हणून कंपनीने हेच आकडे दिलेले आहेत. किमान म्हणजे चालू होण्यापुरते. रॅम हे यंत्राचे कामाचे मेज होय. मेज लहान असले, की एक वही उचलल्याखेरीज दुसरी मांडता येत नाही. साठवण म्हणजे कपाट. त्यातील मोठा भाग प्रणालीच व्यापते आणि वेळोवेळी येणाऱ्या सुधारणांनाही जागा लागते. वर्षभरात कपाट भरते आणि यंत्र रेंगाळू लागते. अशा यंत्रांतील साठवण ईएमएमसी प्रकारची असून ती मूळ फळीवरच जोडलेली असते. रॅमही पुष्कळदा तशीच असते. त्यामुळे पुढे पैसे हाती आले, तरी ती वाढविता येत नाही.

यास्तव विंडोजवर चालणाऱ्या यंत्रात ८ जीबी रॅम आणि एसएसडी प्रकारची किमान २५६ जीबी साठवण असावी. पडद्याची चकाकी, झाकणाचा रंग, सोबत मिळणारी पिशवी यांचा विचार त्यानंतर करावा. खेळांसाठी बनविलेल्या महागड्या यंत्रांची शाळकरी मुलास गरज नाही. मुलांचे मत येथे वेगळे पडण्याचा संभव आहे. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमच्या चिपांचे भाव चढले. त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळालेल्या भावात तेच यंत्र मिळेल, असे गृहीत धरू नये.

जुने, पण पारखून

हा खर्च झेपत नसेल, तर कार्यालयांतून निघालेली आणि दुरुस्त करून विकली जाणारी यंत्रे हा चांगला पर्याय आहे. ती दीर्घकाळच्या वापरासाठी बांधलेली असतात आणि बहुतेकांची साठवण बदलता येते. तथापि येथे फसगतीचा धोकाही अधिक. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर त्या प्रणालीपुरतीच क्षमता असलेली अनेक यंत्रे विक्रीस आली असून ती दिसावयास उत्तम असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर आय-५ ८२५० यांसारखा क्रमांक असतो. त्यातील आरंभीचा ८ हा आठव्या पिढीचा निदर्शक होय. साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढील यंत्रे विंडोज ११ साठी चालतात. सहावी किंवा सातवी पिढी असल्यास ते यंत्र विंडोजसाठी घेऊ नये. रायझन प्रोसेसर असेल, तर ३००० च्या पुढील मालिका पाहावी.

असे जुने यंत्र आधीच घरी असेल, तर ते टाकून देण्याचे मात्र कारण नाही. त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसविता येते. केरळमधील शाळांनी अशा मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे संगणक शिक्षण चालविले आहे. मराठी लिहिण्याची सोय लिनक्समध्येही असते. कोणताही शाळकरी प्रकल्प त्यावर करता येतो.

जुने यंत्र घेताना ते दुकानातच अर्धा तास चार्जरविना चालवून पाहावे. बॅटरीचा अहवाल संगणकातूनच निघतो. मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली, हे दोन्ही आकडे त्यात दिसतात. विक्रेत्यास तो काढून दाखविण्यास सांगावे. कळफलकावरील प्रत्येक कळ दाबून पाहावी, कॅमेरा व ध्वनी तपासावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरे दुकान गाठावे.

हमी कोठे मिळणार?

गोंदियाच्या ग्राहकासाठी किमतीइतकाच हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुष्कळ कंपन्यांच्या अधिकृत दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागते. गोंदियाहून ते रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर पडते. अर्जुनी-मोरगावच्या शेतकऱ्यास एका दुरुस्तीपायी दोन वेळा मजुरी बुडवून जावे लागले, तर स्वस्ताईचा फायदा तेथेच संपतो. घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी असल्यास ती आपल्या गावच्या पिनकोडला लागू आहे काय, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिलाशिवाय घ्या, तेवढे वाचतील’ असे कोणी सुचविले, तर वाचलेल्या पैशाबरोबर तक्रारीचा आधारही जातो, हे ध्यानात असावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे, याचीही खात्री करावी. जुन्या यंत्रासोबत नकली चार्जर देण्याचे प्रकार घडतात.

यंत्र घरी आल्यावर खेड्यातील वीजपुरवठ्याचा विचार करावा लागतो. दाब कमी-जास्त होत असेल, तर दाबातील उसळी अडविणारा बोर्ड वापरावा. जून महिन्यात पूर्व विदर्भात वळवाच्या सरी विजांसह येतात. अशा वेळी केवळ बटण बंद करून भागत नाही, चार्जरची पिनच भिंतीतून काढून ठेवावी. उन्हाळ्यात यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये, कारण खालच्या बाजूच्या झडपा बंद होऊन ते तापते. सकाळी, घरात गारवा असताना, पाटावर वा टेबलावर ठेवून काम करणे सोयीचे.