आड आलेला चेंडू

गेल्या महिन्यात वर्गात भाषांतराचा तास चालला होता. इंग्रजी बातमीतले वाक्य होते, पावसाने मदतकार्य ‘स्टायमी’ केले. मी फळ्यावर बेधडक लिहिले, “पावसाने मदतकार्यात खोडा घातला.” मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, खोडा माणूस घालतो. पाऊस कशाला घालील?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येताच कोश काढून बसलो.

हा शब्द निघाला गोल्फच्या मैदानावरचा, स्कॉटलंडकडचा. दोघांचा सामना चालला आहे. हिरवळीवर, आपल्या गोट्यांच्या खेळातल्या गलीसारखा, एक खळगा आहे. तुमचा चेंडू त्याच्याकडे जायचा, तर नेमका मध्येच प्रतिस्पर्ध्याचा चेंडू येऊन बसलेला! पूर्वी तो उचलायला सांगायची सोय नव्हती. दोन चेंडूंत ६ इंचांहून कमी अंतर असेल तरच तो उचलता येई. एरवी त्याच्यावरून चेंडू उडवा, नाही तर त्याला वळसा घालून न्या. या कोंडीचे नाव ‘स्टायमी’. जुन्या स्कॉट बोलीत जेमतेम दिसेल एवढे काही या अर्थी ‘स्टाइम’ असा शब्द होता, आणि अधू दृष्टीच्या माणसाला ‘स्टायमी’ म्हणत. त्यावरूनच खेळातला शब्द आला असावा, असा कोशकारांचा एक तर्क आहे. समोरचा खळगा ज्याला दिसेनासा झाला, तो खेळाडू घटकाभर आंधळाच की!

१९३० साली सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत अमेरिकेचा बॉबी जोन्स आणि आदल्या वर्षीचा विजेता सिरिल टॉली यांची गाठ पडली. अठरा खळगे झाले तरी दोघे बरोबरीतच. एकोणिसाव्याला जोन्सचा चेंडू खळग्याजवळ थांबला तो नेमका टॉलीच्या वाटेत. टॉली हरला. जोन्सने पुढे ती स्पर्धा जिंकलीच, शिवाय त्या वर्षीच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून दाखविल्या.

१९५२ साली नियम बदलला आणि ‘स्टायमी’ खेळातून गेली. आता आडवा आलेला चेंडू खूण ठेवून उचलतात. नियम गेला, पण क्रियापद उरले. ज्यांनी गोल्फची काठी जन्मात हाती धरली नाही, तेही ते सर्रास वापरतात.

आता आपल्याकडचे शब्द पाहा. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकूड. अडसर दाराला आतून लावायचा. मोडता घालतात, खो घालतात. या सगळ्यांमागे कोणाचा तरी हात आहे. गोल्फमध्येही मुद्दाम आड चेंडू ठेवणारे महाभाग असत, नाही असे नाही. पण बहुधा प्रतिस्पर्धी आपल्याच खळग्याकडे निघालेला असतो. त्याचा चेंडू थोडक्यात थांबतो आणि आपली वाट बंद होते.

हे वाचता वाचता मी थबकलो. एम. ए. झाल्यावर मला पुढे संशोधन करायचे होते. त्याच वर्षी थोरल्या भावाची नोकरी गेली आणि घर माझ्या पगारावर आले. “दादाने माझ्या शिक्षणात खोडा घातला,” हे वाक्य मी वीस वर्षे मनात घोळवीत आलो. चिडलो की बायकोजवळ बोलूनही दाखवीत आलो. दादाने काय घातले होते? तोही आपल्या वाटेने चालला होता. मध्येच थांबावे लागले, एवढेच. आड आला खरा, पण आडवा आला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला उभे केले आणि तिच्याच हाताने फळ्यावर लिहविले, “पावसामुळे मदतकार्य अडले.”

माझे वाक्य दुरुस्त करायचे अजून राहिले आहे. भाऊबीजेला आम्ही सगळे ताईकडे जमतो. दादाही येईल.