तेलाचा तांबडा डाग

कोलकात्यातील एस्प्लनेडच्या रस्त्यांवर पिवळ्या अँबॅसडर टॅक्सी अनेक दशके धावल्या. उत्तरपारा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार झालेल्या या गाडीचे गिअर चालक हाताने बदलतो. तिच्या गिअरबॉक्समधील तेल मुख्यतः दंतचक्रांचे घर्षण कमी करते. ते थोडे गळले, तरी गाडी लगेच अडत नाही.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेलच शक्ती वाहून नेते. अमेरिकेत १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी अशी योजना प्रचारात आली. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते. शिवाय पंपाच्या दाबाने हेच तेल क्लचच्या चकत्या आवळून धरते. तेल घटले, की पंप हवा ओढतो, दाब उतरतो, चकत्या घसरतात आणि तापून जळतात.

जुन्या गाडीत वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबरी सील कडक होतात व तेलास वाट मिळते. म्हणून रात्री गाडीखाली कोरा कागद पसरावा. सकाळी त्यावर तांबडा डाग आढळल्यास तो बहुधा याच तेलाचा समजावा. ओळखू यावे म्हणून त्यास तसा रंग दिलेला असतो. जुने तेल तपकिरीही दिसते. केवळ तेलाची भर घालून भागत नाही. सील वेळीच बदलले, तर गिअरबॉक्स वाचतो.