छत्रपती संभाजीनगरमधील उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण

उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे अध्यापन, संशोधन आणि अभ्यासक्रम यांत आंतरराष्ट्रीय व आंतरसांस्कृतिक दृष्टिकोन जाणीवपूर्वक आणण्याची प्रक्रिया होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे ती प्रामुख्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. तोपर्यंत या भागातील महाविद्यालयीन शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. येमेनसह पश्चिम आशियातील विद्यार्थी येथे पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. संशोधनासाठी येत आले आहेत.

नियमन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार भारतीय व परदेशी संस्थांना तीन प्रकारचे सहकार्य करता येते. जोड अभ्यासक्रमात विद्यार्थी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवतो आणि पदवी भारतीय संस्था देते. संयुक्त पदवीसाठी प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक आवश्यक असतात. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था स्वतंत्र पदव्या देतात.

पदव्युत्तर अभ्यासक्रम

परदेशात एक सत्र शिकण्याचा खर्च ग्रामीण आणि प्रथम पिढीतील बहुतेक विद्यार्थ्यांना परवडत नाही. त्यामुळे केवळ विद्यार्थी-देवाणघेवाणीवर भर दिल्यास आंतरराष्ट्रीयीकरणाचा लाभ मोजक्यांपुरता राहतो. यावरील पर्यायाला 'स्वदेशातील आंतरराष्ट्रीयीकरण' म्हणतात. ही संज्ञा स्वीडनमधील माल्मो येथे १९९९ च्या सुमारास पुढे आली. तिच्यात सर्व विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमातच जागतिक आशय आणणे अपेक्षित असते.

त्यासाठी स्थानिक विषय बाजूला सारावे लागत नाहीत. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या अजिंठा व वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास आशियातील इतर बौद्ध स्थळांच्या तुलनेत करता येतो. मराठवाड्यातील अवर्षणाचा अभ्यास जगातील अन्य कोरडवाहू प्रदेशांच्या संदर्भात करता येतो.

भाषा हा यातील कळीचा प्रश्न आहे. संशोधन साहित्य बहुतांशी इंग्रजीत असते, तर अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठीत झालेले असते. भाषिक साहाय्य आणि मराठी संदर्भसाहित्य यांची जोड नसल्यास जागतिक आशयाचा अभ्यासक्रमही त्यांना वर्गातच मागे टाकू शकतो.