न रंगलेली जागा

जपानमध्ये नागोयाच्या जुन्या तोकाइदो रस्त्यावर अरिमात्सु हे गाव 1608 मध्ये वसलं. वाटसरूंना निळीत रंगवलेले रुमाल विकून ते नावारूपाला आलं. कापड बांधून रंगवायच्या या कलेला शिबोरी म्हणतात. तिथल्या शिबोरी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर कारागीर बायका आजही पाहुण्यांसमोर कापड बांधत बसतात.

कापडावर आधी फिकट निळे ठिपके छापलेले असतात. आओबाना या फुलाच्या रसाचा हा रंग पाण्यात पडताच निघून जातो. बाई ठिपक्यापाशी कापड चिमटीत धरते, लाकडी घोडीच्या आकड्यात अडकवते, दोऱ्याचे वेढे देते आणि पुढच्या ठिपक्याकडे वळते. मिउरा पद्धतीत तर गाठच नाही. दोऱ्याचा फेर टाकून तो ओढायचा, पुढे जायचं. नुसत्या ताणावर तो टिकतो. ताण सैल पडला तर रंग आत झिरपतो, म्हणून बाईचं सगळं लक्ष बोटांत असतं. आपल्या कच्छी बांधणीत वाढवलेलं नख जे काम करतं, ते इथे आकडा करतो.

अराशी या शिबोरीच्या प्रकाराची रीत निराळी. 1880 मध्ये सुझुकी कानेझो यांनी ती काढली. लांब, गुळगुळीत खांबाला कापड तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा वेढायचा, मग सगळं दाबून खांबाच्या एका टोकाला सरकवायचं. असंख्य बारीक चुण्या पडतात. रंग चुण्यांच्या कडांनाच लागतो, पोटात शिरत नाही. सोडल्यावर तिरक्या धारा दिसतात.

किमोनोसाठी हे कापड वाफेवर सपाट करत. आजच्या कलावंतांना मात्र नक्षीइतकीच ती चुणीही हवी असते. योशिको वाडा यांनी 1975 मध्ये बर्कलीत शिबोरी शिकवायला सुरुवात केली. पुढे अॅना लिसा हेडस्ट्रॉमसारख्या अमेरिकी कलावंतांनी लाकडी खांबाऐवजी प्लास्टिकचा पाइप घेतला. बांधलेल्या पॉलिस्टरला उष्णता दिली की दोरा सोडल्यावरही उंचवटे तसेच उभे राहतात. अरिमात्सुच्याच शिबोरी घराण्यातल्या हिरोयुकी मुरासे यांनी 2008 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये सुझुसान हा ब्रँड सुरू केला. तिथे शिबोरीच्या कापडाचे दिवेही होतात. माझ्या मते शिबोरीने आजच्या कलेला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच: कापडावर पडलेला दाब लपवायचा नाही, तोच पाहायला द्यायचा.

पण तो दाब देणारे हात आता बहुतेक वयस्कर आहेत. इथे परंपरेने एकेक जण एकेकाच पद्धतीत मुरलेला असतो, त्यामुळे शिकणारं कोणी मिळालं नाही तर ती पद्धतच अडते. प्रदर्शनातल्या पाटीवर कलावंताच्या नावाखाली कापड बांधणारीचंही नाव असावं, असं मला फार वाटतं.